विश्लेषण : तोफांचे नांगर कसे झाले? पहिलं महायुद्ध आणि किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी कराड सोडते, कृष्णाकाठची उसाची शेतं मागे पडतात आणि काही वेळानं किर्लोस्करवाडी स्थानक येतं. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. पूर्वी या स्थानकाचं नाव होतं कुंडल रोड. आजूबाजूचा मुलूख ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्याचा, पण कुंडल मात्र औंध संस्थानाचं. सांगली हा वेगळा जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, तेही आधी 'दक्षिण सातारा' या नावानं.

या माळावरच्या भट्टीत पहिल्या महायुद्धाच्या काळात जुन्या तोफा वितळवल्या गेल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. ऐकायला ही गोष्ट कीर्तनातल्या दृष्टांतासारखी वाटते. प्रत्यक्षात ती टंचाईची गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंड मिळत नव्हतं, कारण जगातलं लोखंड तेव्हा दुसरीकडे खर्च होत होतं. ते कुठे आणि का, हे पाहिलं की औद्योगिक युगातलं युद्ध आधीच्या लढायांपेक्षा वेगळं का, हेही कळतं.

लक्ष्मणराव कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदांताचे अभ्यासक. मुलाचं डोकं मात्र चित्रात आणि यंत्रात. तो मुंबईला जे. जे. कला शाळेत गेला आणि तिथे लक्षात आलं की याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळ्या चित्रकाराला पुढे वाट नव्हती. मग त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतलं. त्यात रंग लागत नाहीत, रेष लागते. पुढे ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. पगार ४५ रुपये. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

त्याआधीच बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलविक्रीचा धंदा सुरू झाला होता. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्या दुकानाचं, साल १८८८. सायकल विकायची आणि चालवायला शिकवायचीही, दोन्हीचे पैसे वेगळे. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव बेळगावला परतले आणि शेतकऱ्याला लागणाऱ्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा समज तेव्हा पक्का होता. यात शेतकऱ्याला हसण्यासारखं काही नाही. एका हंगामाची चूक म्हणजे वर्षभराची उपासमार, असा हिशेब असताना कोणीही जपूनच पाऊल टाकेल. पण काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढून बाहेर येतो. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ उलटं करतो आणि गवताच्या मुळ्या उन्हात आणतो. ज्यांनी एकदा तो चालवून पाहिला, त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं.

तरी स्पर्धा होती ती इंग्लंडच्या रॅन्सम कंपनीच्या नांगराशी. इप्सविच गावातली ही कंपनी जगभर नांगर पाठवायची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माळावर कारखाना

बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा वस्तीसाठी हवी होती, तेव्हा लक्ष्मणरावांना उठावं लागलं. औंधचे नवे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि बेळगावचे सोबती तिथे राहायला आले. जमिनीवर होतं निवडुंग, आणि निवडुंगात साप.

राखणीला त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना ठेवलं. शिक्षा भोगून आलेल्या आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देण्याचा हा निर्णय त्या काळी धाडसाचाच होता. चार वर्षांत रस्ते झाले, घरं झाली, ओतशाळा उभी राहिली. नांगर खपू लागले. नांगर विकायला गावोगाव फिरणाऱ्यांत एक उंचापुरा तरुण होता, भाऊराव पाटील. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर ते हेच.

आणि १९१४ उजाडलं.

युद्ध का पेटलं?

२८ जून १९१४ ला सारायेव्हो शहरात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या झाली. पुस्तकातलं उत्तर इथे सुरू होतं, पण खरं कारण आधीच रचून ठेवलेलं होतं. ऑस्ट्रियानं सर्बियाला धमकावलं, सर्बियामागे रशिया उभा, रशियाचा करार फ्रान्सशी, ऑस्ट्रियाचा जर्मनीशी. जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्धनौका बांधण्याची चढाओढ कित्येक वर्षं चालली होती.

त्यात एक तांत्रिक भाग होता, तो मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. लाखो सैनिक सीमेवर न्यायचे तर हजारो रेल्वेगाड्या लागतात आणि त्यांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं आधी बसवलेलं असतं. रशियाची जमवाजमव पूर्ण होण्याआधी फ्रान्सला हरवायचं, हा जर्मनीचा बेत. म्हणजे रशियानं सैन्य हलवायला सुरुवात केली की जर्मनीला थांबणं परवडत नाही. मंत्री बोलणी करत असताना वेळापत्रक पुढे सरकत होतं. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही उतरला. इथे कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन्ही बाजूंना वाटत होतं की काही महिन्यांत आटोपेल. पण मशीनगन आणि काटेरी तारांपुढे चाल करून जाणारी फौज टिकत नव्हती. सगळे जमिनीत खंदक खोदून बसले आणि मग निकाल कारखान्यांवर आला. ज्याच्याकडे जास्त लोखंड, जास्त कोळसा, जास्त तोफगोळे, तो तगणार. १९१६ मध्ये फ्रान्सच्या सोम नदीकाठी ब्रिटिशांनी हल्ल्याआधी सुमारे आठवडाभरात जवळपास १५ लाख तोफगोळे डागले. तरीही १ जुलैला पायदळ पुढे सरकलं तेव्हा एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर सैनिक ठार झाले.

लोखंड कुठे गेलं?

तर ते तिथे गेलं. त्याचा धक्का कुंडलच्या माळावर कसा पोहोचला, ते पाहू.

ओतशाळेचं मुख्य यंत्र म्हणजे कुपोला, एक उभी भट्टी. तिच्यात वरून कोक आणि लोखंडाचे थर टाकायचे, खालून हवा फुंकायची, मग वितळलेलं बीड खालच्या तोंडातून घेऊन वाळूच्या साच्यात ओतायचं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ज्यांनी साचे बनवलेत, त्यांना तो वाळूचा वास आठवेल. यातलं लोखंड किंवा कोक, एकही वस्तू थांबली तर कारखाना थांबतो.

बोटी सरकारनं युद्धासाठी ताब्यात घेतल्या. उरलेल्यांवर समुद्रात जर्मन नौकांची टांगती तलवार. एम्डेन या एकट्या जर्मन युद्धनौकेनं बंगालच्या उपसागरात धुमाकूळ घातला आणि सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागल्या. विलायतेतून येणारा माल आटला. कृत्रिम रंगांचा धंदा बहुतेक जर्मनीच्या हातात होता, तोही बंद. देशातलं लोखंड म्हणाल तर टाटांचा साकचीचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, पण त्याच्या पोलादाचा मोठा वाटा युद्धाकडे वळला. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या लष्करी रेल्वेसाठी रूळ तिथूनच गेले. युद्धानंतर व्हाइसरॉयनं साकचीला जमशेदपूर हे नाव दिलं, ते या मदतीची दखल म्हणून. कोळसा होता, पण रेल्वेच्या वाघिणी आधी लष्करासाठी.

याची दुसरी बाजूही आहे. इप्सविचची रॅन्सम कंपनी युद्धात लढाऊ विमानं बनवू लागली. विलायती नांगर हिंदुस्थानात येणं आटलं. म्हणजे ज्या युद्धानं लक्ष्मणरावांचा कच्चा माल तोडला, त्याच युद्धानं त्यांचा सगळ्यात मोठा स्पर्धकही बाजूला केला. शेतकरी नांगर मागत होता आणि तो देऊ शकणारा कारखाना जवळच होता, फक्त ओतायला काही नव्हतं. युद्धात स्वदेशी कारखानदारी वाढली असं आपण एका वाक्यात म्हणतो, तेव्हा ही कोंडी त्यात दिसत नाही.

लक्ष्मणरावांनी मिळेल तिथून मोड गोळा केली. इंधनापासून रंगापर्यंत प्रत्येक गोष्टीला इथलाच पर्याय शोधायचा, असा त्यांचा स्वभाव होताच, आता ती गरज झाली. मदतीला आले कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. संस्थानातल्या किल्ल्यांवर जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. त्या महाराजांनी नांगरांसाठी दिल्या.

तांत्रिकदृष्ट्या ही कल्पना उत्तम होती. पंचधातूच्या तोफेचा नांगराला उपयोग नाही. पण बिडाची तोफ म्हणजे आयतं ओतीव लोखंडच. बिडात कार्बन जास्त असतो म्हणून ते पोलादापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, साधारण १,२०० अंशांच्या आसपास वितळतं. साध्या कुपोलाला ते झेपतं. अख्खी तोफ अर्थात भट्टीत जात नाही, आधी तुकडे करावे लागतात. बीड कठीण असलं तरी ठिसूळ असतं, भारी वजनाच्या घावानं फुटतं. जी तोफ कधीकाळी किल्ल्याच्या बुरुजावरून खालचा मुलूख राखत होती, तिचा फाळ होऊन तोच मुलूख नांगरू लागला.

शाहू महाराजांनी याच काळात ब्रिटिशांना सैन्यभरतीतही मनापासून मदत केली होती. एकाच राजाकडून तोफा नांगराकडे गेल्या आणि नांगर धरणारे हात युद्धाकडे. हा विरोधाभास आज आपल्याला टोचतो. तेव्हाचं गणित वेगळं होतं. पलटणीतली नोकरी म्हणजे कोरडवाहू घरात रोख पैसा आणि मराठ्यांच्या लढाऊ लौकिकाला सरकारी मान्यता.

माणसं कुठे गेली?

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव आज 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान मारले गेले. गाव केवढं आणि आकडा केवढा, हे डोळ्यांपुढे आणलं की पुरे.

मराठा पलटणींचा मोठा भाग गेला मेसोपोटेमियात. तिथे का? पुन्हा उत्तर कारखान्याचंच आहे. ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलावर चाललं होतं. इराणच्या आखाताच्या टोकाला, आबादानला तेल शुद्धीकरणाचा कारखाना होता आणि त्या तेल कंपनीत ब्रिटिश सरकारनं १९१४ मध्येच मोठा हिस्सा घेतला होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरल्यावर ते तेल राखायला नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज बसऱ्याला उतरली. पुण्याची सहावी डिव्हिजन पुढे बगदादच्या दिशेनं निघाली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

बगदाद हाती आलं नाही. मागे हटलेली फौज टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. धान्य संपत गेलं. घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. घरी ज्यांनी ते कधी खाल्लं नव्हतं, त्यांनी आधी नकार दिला. गावाकडे कळलं तर जातीत जागा राहील का, ही भीती भुकेइतकीच खरी होती. पीठ घटत घटत मूठभर झालं. ताजी भाजी नसल्यानं हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि जुन्या जखमा भरेनात. विमानातून धान्याची पोती टाकायचा प्रयोग झाला, पण त्या काळचं विमान वजन उचलून किती उचलणार? वेढा फोडायला बाहेरून आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले.

शेवटी शरणागती. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यात लढणारे होते तसे स्वयंपाकी, भिस्ती, मोतद्दारही होते. अर्धपोटी कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. अनेक वाटेतच पडले. जे उरले त्यातल्या हिंदी सैनिकांना जर्मनीच्या मदतीनं चाललेल्या बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. टाटांचे रूळ ब्रिटिशांच्या बाजूनं पडत होते आणि कूतचे कैदी तुर्कांच्या बाजूनं रेल्वे बांधत होते.

साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. घरी कोणाला अक्षरओळख नाही, पत्र आलं तर वाचायला मास्तर शोधायचा, उत्तर लिहायलाही तोच. त्या पत्रांवर लष्कराचा सेन्सॉर बसलेला. मनीऑर्डर आली की माणूस आहे, नाही आली की काळजी. या घरांतल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली, याची नोंद कोणत्याही रेजिमेंटच्या इतिहासात नाही. समुद्रापार गेलेल्या हिंदी सैनिक आणि मजुरांची संख्या १० लाखांवर आहे आणि मेलेल्यांची सुमारे ७४ हजार.

नांगराशी याचा संबंध सरळ आहे. खोल नांगरटीला चार-सहा बैल आणि बैलांमागे तरणी माणसं लागतात. ज्या तालुक्यांत लोखंडी नांगराची मागणी वाढत होती, तिथलीच पोरं बसऱ्याला होती.

शांतता आली तेव्हा

१९१८ हे वर्ष युद्ध संपल्याचं म्हणून शिकवलं जातं. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ते मानमोडीचं वर्ष होतं. युद्धातल्या बोटींबरोबर आलेला इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत दिसला आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत गावं रिकामी करत गेला. एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांवर माणसं गेली. त्यातच पाऊस फसला. कापड, मीठ, रॉकेल आधीच महाग. युद्धाच्या खंदकांत जेवढे हिंदी सैनिक मेले, त्याच्या कित्येक पट माणसं घराच्या पडवीत मेली, आणि त्यांची नावं कोणत्या दगडावर नाहीत.

किर्लोस्करवाडी टिकली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. मुलगा शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेला. नांगराबरोबर चरक, पंप आणि पुढे लेथही आले. युद्धातल्या टंचाईनं एक धडा शिकवला होता : सुटा भाग असो की रंग, शक्य तेवढं वाडीतच बनवायचं.

दुसऱ्या युद्धात काय बदललं?

१९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लक्ष्मणराव सत्तरीत होते. या वेळी गोष्ट उलटी. युद्धाला हिंदुस्थानात बनलेली यंत्रं हवी होती. लेथ बनवायला १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला स्वतंत्र कारखाना निघाला. पहिल्या युद्धात मोड शोधत फिरलेलं घराणं दुसऱ्या युद्धात यंत्रं बनवणारी यंत्रं पुरवत होतं.

आणि कारखान्याच्या कुंपणापलीकडे कुंडल परिसरात ब्रिटिश राज्यच नाकारलं जात होतं. युद्धातली महागाई, धान्याची सक्तीची वसुली आणि बेचाळीसच्या अटका यांतून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं महत्त्वाचं केंद्र. कुंडलच्याच जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे लुटली. साताऱ्याची एक मुलं इटलीत ब्रिटिशांच्या बाजूनं लढत होती आणि दुसरी मुलं याच माळरानावर ब्रिटिशांविरुद्ध. औंधच्या राजांनी तोवर, १९३९ मध्येच, आपला कारभार प्रजेच्या हाती दिला होता, त्यामुळे संस्थानी हद्दीत भूमिगतांना आसरा मिळे.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटला. जगातली दोन युद्धं ज्याला धक्का लावू शकली नाहीत, ते शेजारच्या गावांतून आलेल्या जमावानं केलं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. अपशिंग्यातून सैन्यात जाणं आजही थांबलेलं नाही. तिथल्या अनेक घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आहे आणि दाराशी नांगर.